त्र्याहत्तर किलोंचा भाडेकरू

दोक-सु टोरांटोत स्कारबरोला एका मराठी जोडप्याच्या घरात बेसमेंटला राहायला आला, तेव्हा घरमालकीण प्रमोदिनीबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग फ्रिजकडे. हा गाल बसलेला मुलगा कोरियाचा ज्युडो चॅम्पियन होता, हे यजमानांनी, हेमचंद्ररावांनी सांगूनही त्यांना पटेना.

"चॅम्पियन असेल, पण जेवत नाही तो," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्यापुरता विषय संपला.

खरोखरच तो जेवत नसे. ज्युडोत वजनाचे गट असतात; त्याचा गट त्र्याहत्तर किलोंचा. हाडापेराने तो मोठा, पण वरच्या गटात त्याच्या देशातला एक असा गडी बसला होता, की तिथे दुसऱ्या कुणाची डाळ शिजत नव्हती. म्हणून विशीपासून हा उपाशी राहून खालच्या गटात लढला. एकदा देशात पहिला आला, परदेशात एक पदकही मिळालं. ऑलिंपिकच्या निवडीत मात्र दोनदा शेवटच्या लढतीत हरला. मग गुडघा गेला आणि तो चुलतभावाच्या मागोमाग कॅनडात आला. इथे कम्युनिटी सेंटरमध्ये पोरांना शिकवायचा. दोन हजार आठच्या नोव्हेंबरातली टोरांटोची स्पर्धा शेवटची, असं त्याने ठरवलं होतं. आपल्या गटात सुवर्ण घ्यायचं आणि थांबायचं.

मध्ये दिवाळी आली.

बाईंनी डब्यातून चकल्या आणि बेसनाचे लाडू खाली पाठवले. रिकामा डबा परत करायचा नाही ही रीत कोरियातही आहे, हे बाईंना ठाऊक नव्हतं; आपल्याकडेही आहे, हे दोक-सुला ठाऊक नव्हतं. त्याने डब्यातून पेअर धाडले. बाईंनी अनारसे धाडले. त्याने कोबीची तिखट किमची धाडली, बाईंनी करंज्या. शिवाय मोठ्यांनी दिलेलं टाकायचं नाही, हीही त्याची रीत. डबा पंधरा दिवस जिना चढत-उतरत होता आणि दोन्ही घरांची अब्रू शाबूत होती.

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तो वजनकाटा मागायला वर आला. काट्यावर उभं राहून आकडा दोनदा वाचला. वाकून नमस्कार केला आणि अंगात गार्बेज बॅग, वर विंटर जॅकेट घालून धावायला गेला.

"हे काय नवीन?" बाईंनी विचारलं.

"आई, यू आर फीडिंग हिम आउट ऑफ द टूर्नामेंट," अबोली फोनमधून मान वर न काढता म्हणाली. "ही हॅज टू बी सेव्हन्टी-थ्री."

बाई मटकन बसल्या. मग उठल्या आणि घर तापवणारी फर्नेस तीस अंशांवर नेऊन ठेवली. दोक-सु धावून परतला आणि बेसमेंटमध्ये दोरीच्या उड्यांचा धपधप आवाज सुरू झाला. हेमचंद्रराव बनियनवर आले.

"अगं, नोव्हेंबर आहे की नागपूर?"

"गप्प बसा. त्याचा घाम निघू दे."

सकाळी हेमचंद्ररावांनी गाडी काढली आणि बाई हट्टाने बरोबर गेल्या. दोक-सु वजन करून बाहेर आला. चारशे ग्रॅम जास्त. टेबलावरचा माणूस म्हणाला, तासभर आहे, उतरव. नाहीतर वरच्या गटात नाव घालतो.

"माझ्यामुळे झालं," बाई म्हणाल्या. "धाव बाबा, मी तुझी बॅग धरते."

तो बाकावर बसला. दोरी त्याच्या हातात होती. ती त्याने गुंडाळून बाजूला ठेवली.

"आंटी, पिशवीत काय आहे?"

"दशम्या. ह्यांच्यासाठी आहेत, तुला नाहीत." खाण्याच्या बाबतीत बाई जन्मात पहिल्यांदाच कुणाला नाही म्हणत होत्या, त्यामुळे ते धड जमलंही नाही.

"दर स्पर्धेत मी या तासात धावलोय," तो म्हणाला. "वजन उतरतं. पण मग लढायला पाय उरत नाहीत."

त्याने दोन्ही हात पुढे केले. बाईंनी पिशवी पोटाशी धरली, मग दिली. त्याने सावकाश खाल्लं, हात धुतले आणि वरच्या, एक्याऐंशी किलोंच्या गटात नाव घातलं.

पहिल्या गड्याला त्याने श्वास घ्यायलाही वेळ न देता पाठीवर आपटलं. दुसऱ्यालाही. तिसरा माँट्रियलचा, दाराएवढा. ती लढत लांबत गेली आणि अगदी शेवटी दोक-सु निसटत्या गुणाने हरला. त्याने वाकून नमस्कार केला आणि बाईंशेजारी येऊन बसला.

बाईंचे डोळे भरले होते. "गेलं ना रे सुवर्ण."

"गेलं." तो समोर बघत होता. तिकडे जिंकलेला गडी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत उभा होता.

"आंटी, तो दमलाय," दोक-सु म्हणाला. "मी नाही."