पहिलं गिऱ्हाईक

ऑस्ट्रेलियातल्या ट्रुगानिनात दुपार कलली की मी मुलीच्या शाळेबाहेर गाडी लावून बसते आणि कानाला फोन धरून दुसऱ्याच एका गावात जाते. युक्रेनमधल्या त्या शहरात तेव्हा सकाळ होत असते आणि माझा धाकटा भाऊ आपली बेकरी उघडत असतो. मी तिथे कधी गेलेली नाही. पण डोळे मिटले की ट्रामची घंटा ऐकू येते, जनरेटरची घरघर, आणि ताज्या पावाचा वाससुद्धा येतो, खोटं नाही सांगत. समोर आमच्या एस्टेटमधली एकसारखी नवी घरं उन्हात तरंगत असतात. मला तीच खोटी वाटतात.

हा तिकडे डॉक्टर व्हायला गेला होता. शिक्षण अर्ध्यावर सोडलं, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. युद्ध पेटलं, शहर रिकामं व्हायला लागलं, तेव्हा या शहाण्याने बेकरी काढली. खिडक्यांना काचेऐवजी प्लायवूड, आणि भट्टी तळघरात, म्हणजे सायरन वाजला तरी पाव सोडून पळायला नको. आपला लादीपाव तिथले लोक लसूण चोळून बीटाच्या सारासोबत खातात. मी त्याला इतकं झापलं की दुसऱ्या कुणी अबोला धरला असता. तो फक्त म्हणाला, "ताई, भवानी तू कर."

आमच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, झाल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नसत. तेव्हापासून मी रोज फोनवरून एक लादी विकत घेते. ती बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींना जाते. रात्रभर स्फोट झाल्यावर सकाळी याच्याकडे कोण फिरकणार, म्हणून मी पहिलं गिऱ्हाईक, असं मला वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात, म्हणजे तिकडे बर्फ पडत असताना, दोघांचा इकडचा व्हिसा आला. मी त्यांची खोली लावली, नवे पडदे शिवले. तो मात्र आज-उद्या करत राहिला. व्हिसाची मुदत संपत आली तसं माझं डोकं फिरलं. एका दुपारी म्हणाले, "आज मी काही घेणार नाही. दुकान बंद कर आणि ये."

मग फोनवर भावजय आली. मोडक्यातोडक्या इंग्लिशमध्ये तिने सांगितलं, की बाहेर बर्फात रांग उभी आहे. रोजच असते. पण तुम्ही घेतल्याशिवाय तो कुणालाच पाव देत नाही. लोकांनाही ते ठाऊक झालंय. थांबा, म्हणतात, ऑस्ट्रेलिया अजून आलेली नाही.

मी डोळे मिटले. ती माणसं दिसली, कानटोप्या घातलेली, हातात रिकाम्या पिशव्या, माझ्यासाठी खोळंबलेली. राग कुठे गेला कोण जाणे, नुसतं रडू आलं. एवढ्यात मुलगी येऊन गाडीत बसली. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "मम, इज मामा कमिंग?"

"नाही गं," मी तिला म्हटलं, आणि मग फोनवर, "एक लादी दे."