सोमवारपासून मरणारा राजा

कोकमाच्या रातांब्यांचा आंबूस वास आला की कॉलेजातली ‘विदुषी’ मी मला आठवते. नापास झालीस तर कॉलेज बंद, असं वडिलांनी बजावलेलं, म्हणून मी ओटीवर बसून मोठ्यानं इतिहास घोकायचे. तोंडात पाठ झालेलं एकच पान, डोळे मात्र पुस्तकात लपवलेल्या प्रेमकथेवर. शाळेची पायरी न चढलेल्या शेजारच्या काकी तिथेच रातांबे फोडत बसत. एकदा आत वडिलांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्या म्हणाल्या, “गो बाय, तुझा राजा सोमवारपासून मरतोय. आज जाळ त्याला, नि गादीवर कोण बसला ते सांग. मी त्यासाठीच येते.” मी लाजत पान उलटलं, आणि काकींना पुढचं सांगता सांगता पास झाले. आता नात कानात इअरफोन खुपसून मनातल्या मनात वाचते. तिचा राजा कुठे अडलाय, कोणाला कळणार?