जहाजाचा मांडा

इंदुकाकू मांडे करायला बसल्या, की आधी हातातल्या बांगड्या काढायच्या आणि समोर जो कोणी असेल त्याच्या हातात द्यायच्या. त्या बांगड्या कधी फडताळात ठेवल्या गेल्या नाहीत, की खिळ्याला अडकवल्या गेल्या नाहीत. बाईच्या बांगड्या रिकाम्या पडू नयेत, कोणाच्या तरी हातात असाव्यात, असं त्यांचं म्हणणं. एकदा दूध घालायला आलेल्या माणसाला त्यांनी दारातच अडवलं होतं. मांडे होईपर्यंत तो बिचारा बांगड्या बोटांत अडकवून ओट्यावर बसून राहिला, असं लोणखेड्याच्या आमच्या गल्लीत अजून सांगतात.

माझ्या हातात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी शाळेत होते. आम्ही बदलीमुळे इथे आलेले. घरात पुस्तकातली मराठी, शाळेत इंग्रजी आणि गल्लीत अहिराणी. मला अहिराणी सगळी कळायची, पण बोलायला गेले की मुली हसायच्या, म्हणून मी बोलणंच सोडून दिलं होतं. आईने काकूंची वाटी परत द्यायला पाठवलं होतं. काकूंनी माझा हात धरला, बांगड्या चढवल्या आणि म्हणाल्या, "बठ. बोलनी नही तरी चालस."

मी बसले. न बोललेलं चालतं, असं मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

मांडा कसा होतो ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगायला हवं. चुलीवर मातीचं मोठं खापर उपडं घातलेलं असतं. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही मुठींवर घ्यायचा आणि फिरवत, झुलवत वाढवत न्यायचा. काकूंच्या हातावर तो कोपरापर्यंत यायचा, इतका पातळ की पलीकडचा जाळ दिसायचा. मग तो अलगद खापरावर जायचा आणि उतरला की रुमालासारखी घडी. घडी घालताना त्या खाली बघतसुद्धा नसत. मला करून बघायची घाई असायची आणि माझा गोळा नेहमी फाटायचा. "पीठले घाई कयस," त्या म्हणायच्या. पिठाला आपली घाई कळते. फाटलेला तुकडा त्या पुन्हा मळून घ्यायच्या.

त्यांचा एकुलता एक मुलगा, हेमंतदादा, मालवाहू जहाजावर नोकरीला होता. तापीच्या खोऱ्यातला मुलगा समुद्रावर कसा गेला, याचं सगळ्यांना नवल होतं. काकूंना नवल नव्हतं, फक्त वाट बघणं होतं. दर वेळी तो सारंगखेड्याच्या यात्रेला येतो म्हणायचा. घोडे विकायला यायचे, बाजार उठायचा, आणि त्याचं जहाज कुठल्या तरी दुसऱ्याच बंदराकडे निघालेलं असायचं. फोन लागला की काकू जेवण विचारायच्या, थंडी विचारायच्या आणि शेवटी नेहमी एकच वाक्य म्हणायच्या, "मी पीठ भिजाडस, तू ये."

एकदा त्याने ग्रीसमधल्या एका बंदरावरून फोटो पाठवला. काचेच्या कपाटात एक ताट, त्यात चौकोनी वड्या. वर पापुद्रे, मधे पिवळसर घट्ट दूध, सगळ्यावर पाकाची चमक. खाली त्याने लिहिलं होतं, "माय, दख, तुन्हा मांडासारखं दिखस."

काकू फोन घेऊन सरळ आमच्याकडे आल्या. तोपर्यंत माझं कॉलेज संपलं होतं आणि मी घरी बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होते. मी फोटोवरून शोधून नाव काढलं, गालाक्तोबूरेको. त्यांनी ते एकदा म्हणून बघितलं, सोडून दिलं आणि 'जहाजना मांडा' असं स्वतःचं नाव ठेवून टाकलं. मी कृती वाचून दाखवली. दुधात रवा शिजवायचा, पातळ पापुद्र्यांच्या मधे घालायचा, भाजायचा, वरून पाक. काकू ऐकत होत्या. "हाई तं आपली रवानी खीरच शे," त्या म्हणाल्या. अंडी घालतात, हेही मी सांगितलं. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं आलेलं नव्हतं आणि येणार नव्हतं. "आपली म्हैसनं दूध घट शे. अंडं कसाले?"

तो यायच्या आत हे जमलं पाहिजे, एवढाच त्यांचा हट्ट होता. पोराला परक्या मुलखात जे आवडलं ते घरी मिळालं, तर कदाचित तो जास्त दिवस राहील. असं त्या बोलल्या नाहीत. पण दादाच्या खोलीतली गादी उन्हात टाकता टाकता त्या रव्याबद्दल बोलत होत्या, त्यावरून मला समजलं.

पहिला प्रयत्न साफ फसला. काकूंनी पापुद्रे सवयीने आधी खापरावर भाजून घेतले आणि रवा घातल्यावर, तितक्याच सवयीने, प्रत्येकाची घडी घातली. खीर चारी बाजूंनी बाहेर आली. "हातले दुसरं येस नही," त्या म्हणाल्या आणि हसून बोटं चाटली. पुढच्या वेळी मी त्यांच्या समोर बसले आणि त्यांचे हात घडीकडे वळले की ताट पुढे सरकवत राहिले. कच्चे पापुद्रे, प्रत्येकावर तूप, ते आमच्या घरच्या छोट्या ओव्हनमध्ये. मग गरम वडीवर गरम पाक ओतला आणि सगळा लगदा झाला. पाक गार असेल तर वडी गरम हवी, हे आम्हाला त्यानंतर उमगलं. काकूंनी त्यात वेलदोड्याऐवजी लिंबाची साल घातली, कारण कृतीत तसं होतं, आणि साखर कमी केली, कारण दादाला फार गोड लहानपणापासून चालत नसे.

त्या दुपारांमध्ये मी बोलायला लागले. आधी एखादा शब्द, मग अर्धं वाक्य, तेही अहिराणी आणि मराठीची भेसळ. काकू हसल्या नाहीत. त्या बहुतेक पाकाकडे बघत असायच्या.

जहाजाचा मांडा जमला त्या वर्षी यात्रा संपून गेल्यावर दादा आला. खांदे रुंद झालेला, पण दारात चप्पल काढून लहान मुलासारखा उभा राहिलेला. काकूंनी पीठ भिजवलेलंच होतं. त्यांनी बांगड्या काढल्या आणि त्या दिवशी त्याच्या हातात दिल्या. त्याच्या पंज्यातून त्या जाईनात, म्हणून तो मुठीत धरून बसला. मी मोकळ्या हातांनी चुलीशेजारी उभी होते. मला ते थोडं लागलं, हे कबूल करायला हरकत नाही.

ताट पुढे आलं. त्याने पहिली वडी खाल्ली, दुसरी खाल्ली. काकूंनी विचारलं, तिथल्यासारखं झालं का? दादा बांगड्या या हातातून त्या हातात करत राहिला. मग म्हणाला, "मी ते खादंच नही, माय. बाहेरथीन दखं व्हतं."

दुकान बंद झालेलं होतं. जहाजावर परतायची वेळ झाली होती. काचेतून ते ताट दिसलं, आईची आठवण आली, फोटो काढला. पुढे प्रत्येक फोनवर आई इतक्या उत्साहाने रव्याचं आणि पाकाचं सांगायची, की खरं सांगायला त्याची जीभ रेटली नाही.

मी काकूंकडे बघायचं टाळलं. एवढ्या दुपारी, एवढं दूध, आणि मुळात ती चव कशी असते हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. काकूंनी ताट जवळ ओढलं, एक वडी उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "मंग हाईच खरं."

तो ठरल्यापेक्षा काही दिवस जास्त राहिला. काकू त्या दिवसांत सगळ्यांशी जरा मोठ्या आवाजात बोलायच्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. सकाळी दळण निवडून ठेवलं, छातीत दुखतंय म्हणाल्या आणि शहाद्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं. दादाचं जहाज भर समुद्रात होतं. तो आला तेव्हा दिवस होऊन गेले होते. चार दिवस राहिला, जाताना खापर आमच्या घरी आणून ठेवलं.

खापर आमच्या मागच्या ओट्यावर आहे. मी अधूनमधून पीठ भिजवते. माझा मांडा आता मनगटाच्या पुढे येतो, कोपरापर्यंत पोहोचत नाही, त्याआधी फाटतो. फाटला की पुन्हा मळून घेते. सुरू करण्याआधी हात आपोआप माझ्या बांगड्यांकडे जातो, आणि त्या घालायला समोर कोणी नसतं.

गेल्या आठवड्यात दादाचा मेसेज आला. जहाज पुन्हा त्याच बंदराला लागलं होतं. या वेळी दुकान उघडं होतं. फोटोत अर्धी खाल्लेली वडी होती आणि खाली लिहिलं होतं, "खादं आज. भलतं गोड शे. खरं ते मायनंच व्हतं."

मी उत्तर लिहायला घेतलं. इंग्रजीत एक वाक्य लिहिलं, पुसलं. मराठीत लिहिलं, तेही पुसलं. मग काकूंचं वाक्य लिहिलं आणि पुन्हा न वाचता पाठवून दिलं.

"मी पीठ भिजाडस, दादा. तू ये."