विमानाच्या ड्रायव्हरकडं शेरवानी

आधी हातातला च्या संपवा, मग ऐका. मागं हीच गोष्ट सांगताना आमच्या मेव्हण्याच्या नाकातनं च्या आला आणि माझी धुतलेली विजार खराब झाली. माझ्या हातनं आजवर चुका काय कमी झाल्यात? एकाचं माप दुसऱ्याला लावलंय. एका हेडमास्तरांच्या प्यांटीला खिसेच ठेवायचे राहिले, तर ते चार दिवस हातात खडू धरून हिंडत होते. पण दिल्लीला जो घोटाळा केला, त्याला तोड न्हाय.

मी दिगंबर मास्तर. शिंप्याच्या पोराचं नाव दिगंबर ठेवणारा बाप मला लाभला, तितंच माझं नशीब ओळखा. इंदापुरात तीस वर्षं शिलाई करतोय. जुनं दुकान स्टँडासमोर होतं. एसटीतनं उतरलेला माणूस पहिला माझ्याच मशीनवर येऊन आदळायचा. मग गावाचा विकास आला. रस्ता रुंद झाला, मधी दुभाजक, दुभाजकात फुलझाडं, फुलझाडांवर लाईट. लई झ्याक दिसतंय, खोटं कशाला बोलू? फक्त त्या रुंदीत माझं दुकान गेलं. बदल्यात नव्या कॉम्प्लेक्समधी गाळा मिळाला, तो दुसऱ्या मजल्यावर. आता मला सांगा, विजारीला नाडी घालून घ्यायला दोन जिने कोण चढतंय?

सहा महिने मी वर बसून खालची फुलझाडं बघितली.

अशात एक दिवस लासुर्ण्याचे बबनतात्या धापा टाकत वर आले. तात्या ऊसवाले, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या सागरच्या शाळेच्या चड्डीपासनं सगळे कपडे माझ्याच हातचे. तो सागर आता पुण्यात कंपनीत नोकरीला हाय.

"मास्तर, सागरचं लगीन ठरलं," तात्या म्हणले. "पोरगी दिल्लीची हाय, त्याच्याच हापिसातली. लगीन बी दिल्लीलाच."

"मग शेरवानी तितंच घ्या की तात्या. दिल्लीत ढीग लागल्यात."

"त्येच म्हणलं मी. पर पोरगं ऐकतंय व्हय? म्हणतंय, मास्तरनीच शिवली पायजे. आन् खरं सांगू का, मला बी वाटतं, एवढ्या मोठ्या लग्नात तुमचं नाव झालं तर लोक ह्यो जिना चढत्याल. न्हायतर तुमी हितं बसून बसून वाळून जाशीला."

माणूस असा बोलतो कधी आपल्यासाठी? म्हणलं, दिगू, ही शेरवानी अशी शिवायची की दुकानाचा जिना झिजला पायजे.

शिवली बी तशीच. मोतिया रंग, गळ्याला बारीक जरीकाम, खांद्याला एक सुरकुती दिसली तर शिलाई परत देईन. फक्त बटणं लावायची राहिली होती. आणि हितंच माझी अक्कल चरायला गेली. मी काय केलं, ती शेरवानी पुतळ्याला घातली आणि पुतळा खाली जिन्याच्या तोंडाशी उभा केला. जाहिरात. लोक थांबून बघायला लागले, दोघंतिघं वर बी आले. मला ती काढवंना. बटणं काय, अर्ध्या तासाचं काम.

निघायच्या दिवशी सकाळी तात्यांचा फोन. "मास्तर, आमची गाडी बारामतीच्या फुडं आली. काल दिवसभर तुमच्या शेरवानीची वाट बघितली. झाली का?"

"तयार हाय तात्या," मी म्हणलो. आमच्या धंद्यात 'तयार हाय' म्हंजे काय ते तुमाला ठाव हायच. "तुमी व्हा फुडं. मी एसटीनं निघतो आन् थेट इमानतळावर हातात देतो."

लगीन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. बटणं लावली, शेरवानी जुन्या चादरीत गुंडाळली. कुठं दोरा राहिला असला तर कापायला म्हणून त्यातच सुईदोरा आणि कात्री ठेवली, वरनं गाठ मारली आणि पळालो. एसटी मिळाली. पण हडपसरच्या अलीकडं ट्रॅफिकनं असं धरलं की माझं बूड बाकड्याला चिकटलं. उतरून रिक्षा केली. विमानतळावर पोचलो तवा विमानाची वेळ टळून दीड तास झालेला. तात्यांचा फोन बंद, सागरचा बंद. गेले की वर.

आता पुण्याचं ते नवं टर्मिनल तुमी बघितलंय का? लई पैसा घातलाय म्हणे, आणि घातलेला दिसतोय. एवढी काच मी जन्मात बघितली न्हाय. फरशी अशी की तीत माझं तोंड दिसत होतं, आणि ते त्या वेळी काय चांगलं दिसत नव्हतं. पण मी घाबरलो का? अजिबात न्हाय. आपल्याकडची रीतच हाय ना. पोरगं पुण्याला शिकायला असलं की आई एसटीच्या ड्रायव्हरकडं डबा देती. एक गाडी चुकली तर मागच्या गाडीला देती. पोरगं स्टँडावर उभं असतंय, डबा घेतंय. मी म्हणलं, एक इमान गेलं, मागनं दुसरं असंलच की.

दारात बंदूकवाला जवान होता. म्हणला, "टिकट दिखाइए."

"टिकट नहीं साहेब. मेरे को जाने का नहीं है. ये गठुडं सिर्फ ड्रायव्हर के पास देने का है."

"कौन ड्राइवर?"

"दिल्ली के गाडी का. जो ड्युटी पे होगा वो. उधर तात्या खडा रहेगा, उसको सिर्फ हाक मारने का."

जवान माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, हा चहापाण्याचं बघतोय. मी पन्नासाची नोट काढली. "ये तुमको नहीं, ड्रायव्हर को. चाय के वास्ते."

त्यानं लगेच वायरलेस तोंडाला लावला. दोन मिनिटात एक साहेब आले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि चक्क मराठीत इचारलं, "गाव कुठलं बाबा?"

"इंदापूर."

"मी सुप्याचा. आवो, इमानाचा पायलट डबं नेत न्हाय."

"डबा न्हाय साहेब, शेरवानी हाय. उद्या सकाळी लगीन हाय."

"शेरवानी बी नेत न्हाय." साहेबांनी मोठा सुस्कारा सोडला. "हे बघा, आत जायला तिकीट लागतंय. आन् शेरवानीला कुणी तिकीट देत न्हाय, माणसाला देत्यात. दुपारी एक इमान हाय दिल्लीचं."

त्यांनी ते मला वाटंला लावायला सांगितलं असणार. पण माझ्या डोळ्यापुढं काय आलं? बोहल्यावर सागर, अंगात साधा शर्ट, आणि लोक इचारत्यात तुमच्या शिंप्यानं काय केलं. मी गेलो खिडकीवर आणि तिकीट काढलं. केवढ्याला पडलं ते इचारू नका, आमच्या घरात अजून सांगितलेलं न्हाय.

तिकीट काढल्यावर माणसाची चालच बदलती बघा. त्याच जवानापुढनं मी असा आत गेलो की आमदाराचा सासराच. तेवढ्यात तात्यांचा फोन लागला, ते दिल्लीत उतरले होते.

"तात्या, काळजी करू नका. मी सवता येतोय शेरवानी घेऊन. इमानानं."

तिकडं तात्यांनी नाक वढलं. "मास्तर, आवो, सख्ख्या भावानं केलं नसतं."

मला बी गहिवरून आलं. तशाच भरल्या डोळ्यांनी मी तपासणीला उभा राहिलो, आणि नीट ऐका, खरा घोटाळा हितं झाला.

तितं एक पट्टा असतो, आपोआप चालतोय. सामान एका ट्रेमधी, खिशातलं दुसऱ्या ट्रेमधी, दोन्ही मशीनच्या तोंडात. माणूस दुसऱ्या वाटंनं. मी पलीकडं गेलो तर माझा पट्टा, फोन, चिल्लर आली सरळ माझ्याकडं. आणि चादरीचं गठुडं? ते मधनंच वळलं आणि काचंपलीकडच्या दुसऱ्या पट्ट्यावर ऐटीत चालत गेलं.

आता तुमीच सांगा, एसटीत आपण पोतं कुठं टाकतो? टपावर. मोठा माल वर, माणूस खाली. मी मनात म्हणलं, वा, काय सोय केलीय. हातातलं हातात आणि मोठा माल परस्पर इमानात. उगंच न्हाय एवढा पैसा लागला. मी कमरंचा पट्टा आवळला आणि मोकळ्या हातानं फुडं गेलो.

मागनं एक बाई वरडत होती, "ये किसका है? ये कपड़े की गठरी किसकी है?" मी वळून बघितलं बी न्हाय. माझं गठुडं तर मार्गाला लागलं होतं.

आत बसलो. एक कप च्या घेतला, त्याची किंमत सांगून तुमच्या तोंडाची चव घालवत न्हाय. तेवढ्यात वरनं पुकारा, आधी हिंदीत, मग चांगल्या शुद्ध मराठीत: सुरक्षा तपासणीपाशी एका प्रवाशाचं सामान राहिलं आहे, कृपया घेऊन जावं. थोड्या वेळानं परत. मग परत. शेजारी एक बाई बसल्या होत्या. मी त्यांना म्हणलं, "बघा ताई, लोकं इमानानं हिंडत्यात आन् सामान इसरत्यात. आमच्या इंदापूरच्या स्टँडावर असं होत न्हाय."

त्या म्हणल्या, "खरंय काका, बेजबाबदारपणा."

"लई बेजबाबदार," मी म्हणलं.

इमानात बसल्यावर सुद्धा मी गप बसलो न्हाय. हवाईसुंदरीला इचारलं, "माल चढा क्या सब?" ती गोड हसून म्हणली, "जी सर, पूरा चढ़ गया." मग मी पट्टा लावला आणि दिल्लीपर्यंत घोरलो.

दिल्लीत उतरलो. तितं बी पट्टा, गोल फिरणारा. बॅगा आल्या, लोकांनी उचलल्या. एक लाल बॅग तेवढी फिरत राहिली, ती बी एकानं पळत येऊन नेली. पट्टा थांबला. मी वाकून भोकात बघितलं. तिथल्या माणसानं मला सरळ केलं आणि म्हणला, "टैग दिखाइए."

"कसला टॅग?"

पाच मिनिटात त्या भल्या माणसानं पुण्याला फोन लावून सगळं काढलं. गठुड्यात कात्री निघाली म्हणून ते बाजूला घेतलं होतं. कात्री काढून बाकीचं मला देणार होते. तीन वेळा पुकारा केला, कुणी येडा फिरकलाच न्हाय. आता ज्याचं त्यानंच पुण्याला येऊन न्यायचं. ते सगळं सांगताना तो माझ्याकडं अशा नजरंनं बघत होता की मला माझ्याच सदऱ्यात लपावंसं वाटलं.

बाहेर तात्या आणि सागर दोघं उभे. तात्यांनी पळत येऊन मला मिठी मारली, पाठीवरनं हात फिरवला. फिरवता फिरवता तो हात माझ्या दोन्ही बाजूला चाचपायला लागला.

"मास्तर, शेरवानी?"

"पुण्यात हाय," मी म्हणलो. "पर काळजी करू नका तात्या. सरकारी पहाऱ्यात हाय."

तात्या तिथल्या सामानाच्या ढकलगाडीवर बसले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं हो. सागरच म्हणला, "जाऊ द्या मास्तर, भाड्यानं मिळंल." त्या पोराचं तोंड बघून मला भर रस्त्यात रडायला आलं, लाज कशाला धरू सांगताना.

भाड्याची मिळाली. लग्नसराईत उरलेली. सागर आपला आखूड आणि गोल, आणि शेरवानी कुणा खांबासाठी शिवलेली. बाह्यांतनं बोटं दिसंनात, पोटावर बटण लागंना, खांदे असे लोंबत होते की आत दुसरा नवरदेव मावला असता. मी म्हणलं, सुईदोरा आणा, घंटाभरात बसवून देतो. तर दुकानदाराची अटच, भाड्याच्या कपड्याला सुई लावायची न्हाय. तीस वर्षांचा शिंपी, आणि हात बांधून समोर बसलोय.

मांडवात मी मागच्या खुर्चीत तोंड लपवून बसलो होतो. पण सागरच्या आत्या, लई भाबडी बाई, त्यांना आधल्या दिवशीचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी मला हाताला धरून सगळ्या पावण्यांपुढं नेलं आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, "ये हमारे मास्तर. नवरदेव की शेरवानी देने के वास्ते गाव से खास इमान से आये."

पोरीचे मामा फुडं झाले. गोरेपान, सुटाबुटातले. त्यांनी बोहल्यावरच्या सागरकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत सागरच्या त्या लोंबणाऱ्या बाह्यांकडं.

"ये आपने सिली है?"

तात्या माझ्याकडं बघायला लागले. त्यांचा चेहरा घामानं भिजलेला. न्हाय म्हणावं तर नवरदेवाचा कपडा भाड्याचा हाय हे भर मांडवात निघणार, आणि तात्यांची मान व्याह्यांपुढं खाली जाणार. व्हय म्हणावं तर माझं तीस वर्षांचं नाव गेलं.

"जी," मी म्हणलो. "मैंने ही सिली."

मामांनी माझ्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. "कोई बात नहीं मास्टरजी. पहली बार सिली है ना?"

"जी," मी म्हणलो. "विमान में भी पहली बार बैठा हूँ."