वैशाखातली भाऊबीज

साताऱ्याच्या आमच्या वैद्यबुवांचा एक नेम होता. स्वतःची नाडी ते कधी स्वतः पाहत नसत. "बोटही आपलं, मनगटही आपलं आणि भीतीही आपलीच. मग खरं बोलणार कोण?" असं ते म्हणत. त्यामुळे ते स्वतः अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांची नाडी पाहण्याचं काम माझ्याकडे आलं.

कॉलेज अर्धवट सोडून मी त्यांच्या हाताखाली शिकायला राहिलो होतो. लढाईचे दिवस होते, साखरेपासून रॉकेलपर्यंत सगळ्याची चणचण होती. मी स्वभावानं उतावळा. रोगी दारात वहाणा काढतोय तोवर मी मनातल्या मनात काढा ठरवून मोकळा झालेला असे. बुवा मात्र मनगट हातात घेऊन डोळे मिटत ते इतका वेळ, की कधीकधी मला वाटे, यांना डुलकी लागली.

त्या वर्षी हिवाळ्यात कराडजवळच्या मलकापुराकडचा एक शिपाई आपल्या म्हाताऱ्या बापाला बैलगाडीत घालून घेऊन आला. बुवांनी म्हाताऱ्याला तपासलं, औषध दिलं. म्हाताऱ्याला गाडीत बसवून शिपाई एकटाच परत आत आला.

"बुवा, मला परवा पलटणीत हजर व्हायचं हाय. म्हातारं माज्या माघारी निभावंल न्हवं?"

"रजा वाढवून मिळते का बघ," बुवा म्हणाले.

"म्हंजी?"

"म्हणजे तू परत येईपर्यंत तो राहणार नाही."

तो उंचापुरा गडी खाली बघत उभा राहिला. मग म्हणाला, "लय बरं केलंसा, सांगितलंसा." आणि गेला.

मला राग आला. तो गेल्या गेल्या मी बुवांना म्हणालो, की चार गोड शब्द बोलायला काय जात होतं? बुवा शांतपणे पुड्या बांधत होते. म्हणाले, "गोड बोललो असतो तर तो परवा गाडीत बसून निघून गेला असता. मग बापाच्या शेवटच्या पाण्याला कोण? अरे, ज्याला काही ठरवायचं आहे, त्याला खरं सांगावं लागतं. ज्याला काही ठरवायचं नाही, तो विचारेपर्यंत कशाला सांगायचं?" मला ते तेव्हा पटलं नाही. दगडाच्या काळजाचा माणूस आहे, असंच मी ठरवून टाकलं.

फाल्गुन सरता सरता बुवांच्या पायांवर सूज आली. चार पावलं चालले की धाप लागायची. मी रोज सकाळी त्यांचं मनगट हातात घेई. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून माझ्या तोंडाकडे बघत. मी "ठीक आहे" म्हणालो की आत वळत. बुवाही अधिक काही विचारत नसत.

चैत्रातल्या एका सकाळी त्यांनी विचारलं, "दिवाळी दिसेल?"

मी दाराकडे पाहिलं. काकूंनी मला हात जोडले. एवढ्या वडीलधाऱ्या बाईनं माझ्यासारख्या पोरासमोर हात जोडावेत, याचीच मला लाज वाटली. पण बुवा वाट बघत होते. मी म्हणालो, "नाही."

काकू त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट वाढलं, पण ते आपटूनच. बुवा मात्र उशीला टेकून उठून बसले. मग म्हणाले, "मग आता आक्काकडे जायला हवं."

आक्का ही त्यांची थोरली बहीण. ऐन विशीत विधवा झाली आणि सांगलीला दिरांच्या घरीच राहिली. त्यानंतरच्या पहिल्या भाऊबिजेला बुवा वडिलांबरोबर तिच्याकडे गेले होते. तिनं निरांजन लावायला घेतलं, तसे वडील, म्हणजे अण्णा, म्हणाले, की तू ओवाळायचं नाहीस, ते अशुभ. बुवा पाटावर बसलेले होते. ते काही बोलले नाहीत, नुसते उठले. पुढं वडील वारले, बुवा कर्ते झाले, पण भाऊबिजेला म्हणून ते पुन्हा सांगलीला गेले नाहीत. दर दिवाळीला म्हसवडकडचा एक रोगी नेमका अत्यवस्थ व्हायचा. मला त्या रोग्याचं मोठं नवल वाटे. दरवर्षी मरणाच्या दारात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा हजर. जगाला तोंडावर खरं सांगणाऱ्या या माणसानं ही एक थाप आयुष्यभर चालवली होती.

"तिच्या हातून एकदा ओवाळून घेतो," ते मला म्हणाले. "तेवढं झालं की माझं काही राहिलं नाही."

काकूंनी विरोध केला, मग स्वतःच दशम्या बांधून दिल्या. वैशाखातल्या उन्हात कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून आम्ही सातारा रोड स्टेशन गाठलं आणि तिथून आगगाडीनं सांगली. आक्का तेव्हा तिथल्या विश्रामबागेत पुतण्याच्या घरी राहत होत्या. विधवेच्या लाल आलवणातली ती किडकिडीत म्हातारी भावाला बघून इतकी हरखली, की आधी पाणी द्यावं की आधी बसायला द्यावं, हेच तिला सुचेना.

जेवणं झाल्यावर बुवांनी विषय काढला. "आक्का, मला ओवाळ."

"वैशाखात?" ती हसली. मग त्यांचा चेहरा पाहून हसू मावळलं. "नको रे. भलतं काही बोलू नकोस."

"अण्णा गेले. आता कोण अडवतंय?"

"अण्णांचं कशाला? मीच नाही ओवाळणार." ती हळू आवाजात म्हणाली, "मी ओवाळलं नाही म्हणून तू राहिलास. दर भाऊबिजेला देवापुढं बसून मी तेच म्हणते, की बरं झालं, माझा हात त्याला लागला नाही."

 एवढी वर्षं बुवांना वाटत होतं, की आक्का आपल्यावर रुसली असेल. ती उलट त्यांना जपत बसली होती. आणि मला दुसरीच धास्ती वाटू लागली. हिनं आज ओवाळलं आणि हे महिन्याभरात गेले, तर ही ते स्वतःच्याच माथी घेणार. मग उरलेला जन्म तिला चैन पडणार नव्हतं. हे येताना आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

बुवांच्या ते आत्ता ध्यानात आलं असावं. ते म्हणाले, "माझी नाडी हा पाहतो. याला विचार."

आक्कांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "बाळ, हा बरा होणार ना?"

माझी जीभ नेहमी डोक्याच्या पुढं धावते, पण त्या वेळी मी ती आवरली. "बरे होतील" म्हणावं असं फार वाटलं. पण या बाईला काही ठरवायचं होतं. मी म्हणालो, "नाही, आक्का. पावसाळाही निघायचा नाही. हे मला चैत्रातच कळलं होतं, आम्ही इकडं यायच्या आधी. तुम्ही ओवाळलंत तरी तेच आणि नाही ओवाळलंत तरी तेच."

ती भिंतीला टेकून बसली. बुवांनी तिचा हात धरला होता.  मग तिनं विचारलं, "म्हणजे आता माझ्या हातानं याचं काही बिघडायचं नाही?"

"नाही."

ती उठली. हातपाय धुऊन आली. पुतण्याच्या बायकोला हाक मारून ताम्हन, निरांजन, कुंकवाचा करंडा मागितला. ती पोरगी घुटमळली, पण आक्कांच्या चेहऱ्याकडे पाहून मुकाट्यानं सगळं घेऊन आली. विशीपासून कुंकवाला न शिवलेलं ते बोट तिनं करंड्यात बुडवलं. टिळा वाकडा लागला, थोडं कुंकू बुवांच्या नाकावर सांडलं. बुवांनी ते पुसलं नाही. साताऱ्याला परत येईपर्यंत ते तसेच होते, आणि गाडीतले लोक त्यांच्याकडे बघत होते.

त्या दिवसापासून मी रोग्याचं मनगट धरायला घाई करत नाही. याला काय ठरवायचं आहे, हे आधी विचारून घेतो. बुवांनी मला पुष्कळ काढे शिकवले. त्यातले काही विसरलो, काहींच्या वनस्पती आता मिळत नाहीत. एवढं मात्र अंगात मुरलं.

आषाढ लागता लागता बुवा गेले. तार करायची सोय होती, पण मी स्वतःच सांगलीला गेलो. आक्का अंगणात गहू पाखडत होत्या. मला एकट्याला पाहिलं आणि त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तू म्हणाला होतास तेच ना?" त्यांनी विचारलं. "दुसरं काही नाही ना?"

"तेच, आक्का. दुसरं काही नाही."

त्यांनी मान हलवली, पदर तोंडाला लावला आणि मोकळेपणानं रडायला लागल्या.