जानकीबाई कासारीण आणि देवकाबाईचा हात

सानगडीच्या बाजारात जानकीबाई कासारीण बसली की बायांचा गराडा पडायचा. तोंडानं फटकळ, पण बांगड्या भरायला तिच्यासारखी तीच. ख्रिस्ती सिस्टरांच्या आश्रमातही ती जायची. तिथं महारोग झालेल्या बाया राहत. त्यांच्या हातांना ती कधी बिचकली नाही.

पण १९८९ साली तिथं देवकाबाई आली आणि जानकीबाईचं धाबं दणाणलं. देवकाबाईला एड्स होता. ट्रकवर जाणाऱ्या नवऱ्यानंच तो घरी आणला, आणि बायको खंगल्यावर तिला आश्रमाच्या फाटकापाशी सोडून हा पठ्ठ्या पसार! आता बोला.

बाजारात गोदावरीबाई या जुन्या गिऱ्हाइकानं बजावलंच, "तिच्या हाताले हात लावशीन, तं आमच्या हाताले लावू नोको." म्हणजे धंदाच बसला की! शिवाय बांगडी फुटते, काच लागते. जानकीबाईच्या बोटांवर कायम ओरखडे. भीती काही उगाच नव्हती.

सिस्टर ॲग्नेस केरळच्या. मराठी मोडकं, पण जीव मोठा. "हात धरल्याने होत नाही, जानकीबाई. रक्ताला रक्त लागू द्यायचं नाही, बस," असं म्हणून त्यांनी तिच्या बोटांवर स्वतः पट्ट्या बांधल्या. तरी ही बया देवकाबाईच्या खोलीच्या दारातच घुटमळत उभी.

देवकाबाई खाटेवर बसली होती. दवाखान्यात सुईसाठी बांगड्या उतरवल्या, त्या पुन्हा कुणी भरल्याच नव्हत्या.

"उद्या माय येऊन राहिली आसगावहून," ती म्हणाली. "रिकामे हात पाहून छाती पिटन ते. पण तुम्ही नोका भरू. इथंच ठेवा, मी माझ्या हातानं चढवीन."

हे ऐकून जानकीबाई उसळली. "काहून वो? कासारीण मेली का? बाजाराचं बाजारात पाहू!" तरातरा आत गेली आणि तिनं देवकाबाईचा हात ओढूनच घेतला.

हातात आलं ते काय? नुसती हाडं! पोरीच्या मापाची हिरवी बांगडीसुद्धा न दाबता सरळ मनगटावर गेली. फुटायचा, लागायचा प्रश्नच नव्हता. या एवढ्याशा हाताला आपण इतकं भ्यालो? बघता बघता दोन्ही हात भरून झाले.

"झालं?" देवकाबाईनं विचारलं आणि आपणहून हात मागे घेऊ लागली.

"कुठचं होते! बारीक हाताले लय वेळ लागते," जानकीबाई चक्क खोटं बोलली. तो हात दोन्ही हातांत घेऊन ती एकेक बोट चोळत बसली. "बोल, माय कशी आहे तुही?"