गाडीसोबत मिळालेला माणूस

बाकीचे ड्रायव्हर त्याला घुम्या म्हणत. कंपनीच्या मोठ्या साहेबांची गाडी चालवण्यात त्याची ऐन उमेदीची वर्षं गेली. मागच्या सीटवर काय काय बोललं जाई! कोणाला काढायचं, कोणाला डोक्यावर बसवायचं, बाईसाहेब कशावरून रुसल्या. घुम्यानं मात्र तोंडात मिठाची गुळणी धरलेली. "काचा पुसतो तसे कानही पुसतो मी," एवढीच काय ती त्याची फुशारकी.

धाकट्या भावाला कारखान्याच्या रंगखात्यात त्यानंच चिकटवलं होतं. घर एकच, जेवणं एकत्र.

एकदा विमानतळाच्या रस्त्यावर साहेब फोनवर बोलत होते. रंगखातं बंद होणार, सगळ्यांना नारळ. मग त्यांची स्वतःची गोष्ट निघाली. "मी कंपनी सोडतोय ना, मग तीन वर्षांचा पगार, राहतं घर आणि ही गाडी. ड्रायव्हरही हाच हवा, करारात तसं घाला." घुम्याचा पाय ब्रेकवर जरा जोरात पडला. "सॉरी साहेब," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात जेवताना भावानं विषय काढला. "दादा, तो गॅरेजवाला बोलावतोय. पगार कमी देतो, पण जागा आहे. आमच्या खात्याचं काही आलंय का तुझ्या कानावर?"

सांगून टाक की लेका, असं कोणीही म्हणेल. पण ज्या कुलपावर जन्मभर पोट भरलं, ते एका घासात उघडत नाही. आणि खरं सांगायचं तर, करारातली स्वतःची जागा जाईल ही भीतीही होतीच. घुम्यानं घास गिळला. "बघ बाबा, तुझं तू."

"भाऊजी काही बोलले नाहीत, म्हणजे तसं काही नसणार," भावाची बायको म्हणाली. या घरात त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ नेहमी असाच लावला जाई. भावानं गॅरेजवाल्याला नकार कळवला.

रंगखात्याला टाळं लागलं आणि त्याच दिवशी साहेबांचा निरोपसमारंभ ठरला. आवारात एका बाजूला फुलं, फोटो, अधिकाऱ्यांचा घोळका. दुसऱ्या बाजूला गणवेश परत करणाऱ्या कामगारांची रांग. साहेबांचं तिकडे लक्षही नव्हतं. त्यांनी घुम्याच्या खांद्यावर हात टाकला आणि खुशीत येऊन मोठ्यानं म्हणाले, "हा माणूस म्हणजे हिरा! खातं बंद होणार हे याला सगळ्यांच्या आधी माहीत होतं. पण बाहेर चकार शब्द नाही काढला. म्हणून तर गाडीसोबत यालाही मागून घेतलं!"

अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रांगेतून भाऊ बाहेर आला. हातात घडी घातलेला गणवेश तसाच. आता हा मारणार, असं घुम्याला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"दादा," भाऊ हळूच म्हणाला, "मी विचारलं होतं ना तुला?"

घुम्यानं तोंड उघडलं. पण तोवर साहेब गाडीपाशी पोचले होते, आणि तो दार उघडायला धावला.